ज्वाळा विझू द्या, मग जाळी ठेवा

इंग्लंडमध्ये मे महिन्यातला पहिला उबदार शनिवार-रविवार आला की दुपारी चारच्या सुमारास गल्लीतल्या तीन-चार घरांच्या मागून धूर वर येताना दिसतो. सुपरमार्केटच्या दारातच कोळशाच्या पिशव्यांची थप्पी लागलेली असते आणि सॉसेज, बर्गरच्या फळ्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. इथे नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब घरामागच्या हिरवळीच्या तुकड्याकडे बघतं आणि ठरवतं, आपणही बोलवू या सगळ्यांना. जरूर बोलवा. इथल्या उन्हाळ्यात माणसं जोडण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. घरात जेवायला बोलावलं की इंग्रज शेजारी जरा अवघडतात. बूट काढायचे का, हाताने खायचं का, किती वेळ थांबायचं, असे प्रश्न त्यांना पडतात. परसात हातात प्लेट घेऊन उभं राहायचं म्हटलं की तेच शेजारी तासाभरात तुमच्या आईशी गप्पा मारायला लागतात.

माझ्या पहिल्या बार्बेक्यूला अठरा माणसं होती. चिकन आदल्या रात्रीपासून मुरत ठेवलं होतं, मसाला घरून आणलेला होता आणि कोळसा पेटल्याबरोबर मी तंगड्या जाळीवर मांडल्या. दहा मिनिटांत त्या बाहेरून काळ्या पडल्या. कापून पाहिल्या तर हाडाजवळ मांस गुलाबी. शेवटी सगळं ओव्हनमध्ये ढकललं आणि पाहुणे साडेआठ वाजता जेवले. मसाल्यात काही कमी नव्हतं. कमी पडली होती ती अर्ध्या तासाची वाट.

ही वाट पाहणं आपल्याला खरं तर नवीन नाही. हुरडा भाजताना आगटीत गोवऱ्या धडाडत असताना कोणी कणसं खुपसत नाही. गोवऱ्यांचा विस्तव झाला, वर राखेचा पातळ थर आला, की कणसं आत जातात. रायगडातल्या पोपटीचं मडकंही भोवतालच्या धगीने शिजतं. आजीच्या शेगडीवर वांगं किंवा पापड भाजला जाई तो निखाऱ्यावर. बार्बेक्यू हा त्याच कुळातला प्रकार आहे. ज्वाळेने जळतं, निखाऱ्याने भाजतं, एवढं एक लक्षात ठेवलं तर निम्मी पार्टी साधली.

दिवस ठरवताना दोन पंचांगं

इथली बँक हॉलिडेची यादी सगळे बघतात. इंग्लंडमध्ये मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार. या जोडसुट्ट्या सोयीच्या असल्या तरी निम्मे लोक गावाला गेलेले असतात, म्हणून तीन आठवडे आधी विचारा. पण पाहुण्यांत मराठी घरं असतील तर कालनिर्णयही उघडा. संकष्टी, एकादशी टाळा. शनिवारी सामिष न खाणारी माणसं आपल्यात पुष्कळ असतात, त्यामुळे इंग्रज शेजाऱ्यांना सोयीचा शनिवार आपल्यातल्या अनेकांना उपाशी ठेवतो. मी रविवार दुपार धरते. जुलै-ऑगस्टमध्ये आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, पुढे श्रावण येतो. त्या दिवसांत पार्टी करायची तर पूर्ण शाकाहारी करा. निखाऱ्यावरचा शाकाहार चिकनपेक्षा उणा नसतो, ते पुढे सांगतेच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्य रात्री सव्वानवानंतर मावळतो, उत्तरेला आणखी उशिरा. म्हणून संध्याकाळची घाई नको. पाहुण्यांना साडेतीनला बोलवा, पहिला घास पाचला हातात पडेल असं बघा आणि नऊला सामान आवरायला घ्या. लहान मुलं असलेल्या घरांना दुसऱ्या दिवशी शाळा असते.

हवामानाचा अंदाज दोन-तीन दिवस आधीपासून बऱ्यापैकी खरा ठरतो. पावसाची शक्यता असेल तर माणसांसाठी मांडव लावा. शेगडी मात्र उघड्यावरच राहू द्या. मांडवाखाली, गॅरेजमध्ये, व्हरांड्यात, तंबूत ती कधीही नेऊ नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. विझल्यासारखा दिसणारा कोळसाही तो कितीतरी तास सोडत राहतो. ऊब मिळावी म्हणून निवत आलेला बार्बेक्यू तंबूत घेऊन झोपलेली माणसं या देशात दगावली आहेत. पाऊस आलाच तर मुरवलेलं सगळं ओव्हनच्या ग्रिलखाली भाजता येतं. पाहुणे तेही आनंदाने खातात.

शेगडी आणि कोळसा

कोळसा घ्यावा की गॅस, हा प्रश्न हमखास विचारला जातो. दर आठवड्याला, कामावरून आल्यावर चार माणसांसाठी भाजायचं असेल तर गॅस सोयीचा. वर्षातून तीन-चारदा माणसं जमवायची असतील तर कोळसाच घ्या. फरक कोळशाच्या धुराचा तेवढा नाही. तेल आणि रस निखाऱ्यांवर ठिबकतात, त्यांचा धूर वर येऊन अन्नाला लागतो, तो वास खरा. ओल्या नारळाची करवंटी जाळल्यावर फोडणीत उतरणारा वास आठवा.

घ्यायचीच तर झाकणाची गोल शेगडी घ्या. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन हा गृहस्थ वेबर ब्रदर्सच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. पाण्यात तरंगणारे धातूचे गोल बोये तिथे बनत. वाऱ्याने अंगणातली आग कधी भडके, कधी विझे, याला कंटाळून त्याने असाच एक गोळा मधोमध कापला, खालच्या भागात कोळसा घातला आणि वरच्याचं झाकण केलं. खाली-वर हवेची भोकं ठेवली. आजही तीच रचना चालते. वारं आत यायची भोकं जेवढी उघडी तेवढी धग जास्त, झाकण लावलं की ती शेगडी ओव्हनसारखी वागते. साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाच्या अशा शेगडीवर वीस माणसांचं जेवण तीन-चार घाण्यांत निघतं. ॲल्युमिनियमच्या तबकातले एकदा वापरून फेकायचे बार्बेक्यू घेऊ नका. त्यांची धग कमी-जास्त करता येत नाही, खालची हिरवळ करपते आणि कोरड्या दिवसांत त्यांनी आगी लागतात. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं आणि त्याच दिवशी पूर्व लंडनमधल्या वेनिंग्टन गावातली घरं गवताच्या आगीत जळाली. तेव्हापासून इथली माणसं उन्हाळ्यातल्या ठिणगीकडे वेगळ्या नजरेने बघतात. गवत पिवळं पडलं असेल, उष्म्याचा इशारा असेल, तर तो रविवार थंड जेवणावर काढा.

कोळसा दोन प्रकारचा मिळतो. लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडे चटकन पेटतात, धग जोरात देतात आणि लवकर निवतात. ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या उशा. त्या उशिरा पेटतात, पण तासभर एकसारख्या तापत राहतात. (या उशा घरोघर पोचवण्यात हेन्री फोर्डचा मोठा हात होता. मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून तो १९२०च्या दशकात विकायला लागला.) पार्टीसाठी ब्रिकेट घ्या, वर मूठभर लाकडी कोळसा टाका. झटपट पेटणारा, आधीच रसायन लावलेला कोळसा मी घेत नाही. तो पूर्ण राखाडी होण्याआधी अन्न ठेवलं तर रॉकेलसारखा वास उतरतो. पेट्रोल, स्पिरिट असलं काही शेगडीवर ओतायचा विचारही नको.

पेटवायला चिमणी घ्या. चिमणी म्हणजे मूठ लावलेलं पत्र्याचं नळकांडं, खाली जाळी असलेलं. ते कोळशाने भरायचं, खाली कागदाचे बोळे किंवा मेणाच्या दोन वड्या ठेवून पेटवायच्या आणि बाजूला व्हायचं. हवा खालून वर ओढली जाते, त्यामुळे फुंकणीची गरज पडत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्यात वरच्या उशांच्या कडांवर पांढरट राख दिसू लागते. मग जाड हातमोजा घालून निखारे शेगडीत ओता, पण सगळीकडे पसरू नका. एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू पूर्ण मोकळी ठेवा. ही विभागणी सगळ्यात महत्त्वाची. ढिगावर रंग येतो, मोकळ्या बाजूला झाकणाखाली अन्न आतपर्यंत शिजतं. तेल ठिबकून भडका उडाला तर पाणी मारायचं नाही, तुकडा चिमट्याने मोकळ्या बाजूला सरकवायचा. पहिल्या पार्टीत ती मोकळी बाजू माझ्याकडे नव्हती.

धग ओळखायला तळहात जाळीच्या वीतभर वर धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर धग तीव्र आहे, मासा आणि पनीरचा रंग यावरच येतो. पाच-सहा सेकंद धरता आला तर मध्यम, चिकनसाठी योग्य. पाहुणे जास्त असतील तर पहिला घाणा उतरायच्या आधीच चिमणी पुन्हा भरून पेटवा. नवे निखारे तयार असले म्हणजे मधे कोणी ताटकळत नाही.

शेगडी कुंपणापासून, लाकडी शेडपासून, झाडाच्या फांद्यांपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवा. लाकडी डेकवर नको. जवळ पाण्याने भरलेली बादली किंवा वाळू हवी, आणि शेगडीपाशी संपूर्ण वेळ एक मोठं माणूस हवं. मुलांच्या खेळासाठी दुसरा कोपरा ठरवून द्या. चेंडू शेगडीकडे आला तर तो कोणी आणायचा, हेही आधीच सांगून ठेवा.

आधी शाकाहार, मग बाकीचं

इथल्या पार्ट्यांत शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा एक सोया सॉसेज येतो, तोही चिकनच्या रसात माखलेल्या जाळीवर भाजलेला. आपल्या घरी असं होऊ देऊ नये. शक्य असेल तर शाकाहारासाठी वेगळी छोटी शेगडी लावा. नसेल तर स्वच्छ जाळीवर आधी सगळं शाकाहारी भाजून घ्या, पाहुण्यांना वाढा, मग मांस चढवा. चिमटेही दोन ठेवा. वेगळ्या रंगाचा दोरा एकाच्या मुठीला बांधला की मदतीला आलेल्यांचा गोंधळ होत नाही. गोमांस आणि डुकराचं मांस घरी चालतं की नाही, हे इंग्रज पाहुण्यांना बोलावतानाच प्रेमाने सांगा. न सांगितल्यास ते सवयीने सॉसेजचं पाकीट घेऊन येतात आणि दारातच दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मुसलमान पाहुणे असतील तर चिकन हलाल दुकानातून आणा आणि तसं सांगा.

पनीरचे तुकडे मोठे, दोन बोटं जाड कापा. पातळ तुकडे जाळीला चिकटतात. मुरवायला घट्ट चक्का लागतो. इथलं ग्रीक दही त्याची जागा छान घेतं, त्यात तिखट, हळद, आलं-लसूण, थोडं बेसन भाजून आणि चमचाभर तेल घाला. तासभर पुरे. बेसनाने मसाला तुकड्याला धरून राहतो. सायप्रसचं हलूमी चीज इथे सगळीकडे मिळतं, ते वितळत नाही आणि मुळातच खारट असतं, त्याला फक्त मिरपूड आणि लिंबू. लाकडी काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर टोकं जळून तुकडे निखाऱ्यात पडतात.

मक्याची कणसं ऑगस्टपासून इथल्या शेतांतली मिळू लागतात. ती गोड आणि रसाळ असतात, आपल्याकडच्या भुट्ट्यासारखी कडक नसतात, म्हणून आठ-दहा मिनिटं फिरवत भाजली की झाली. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरून घासा. मी इंग्रज पाहुण्यांना लोणी लावून कणीस देत असे. एकदा कोणीतरी माझ्या प्लेटमधलं लिंबू-तिखटाचं चाखलं आणि तेव्हापासून लोणी तसंच उरतं. रताळी फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांच्या कडेला तासभर ठेवा. सिमला मिरची, कांद्याच्या जाड चकत्या, अळंबी यांना तेलाचं बोट आणि मीठ एवढंच हवं.

वांगं मात्र शेवटी. सगळं जेवण उतरल्यावर शेगडीत जी धग उरते, तिच्यावर चार मोठी वांगी टोचे मारून थेट निखाऱ्यांत ठेवा. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. इथे ते साधन नाही, पण कोळशाच्या वांग्याला जो धुराचा वास लागतो तो गॅसच्या चुलीवर कधीच मिळत नाही. साल काढून गर डब्यात भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून भरीत करा.

आता सामिष. चिकनच्या छातीचे तुकडे कोरडे पडतात, त्यापेक्षा बिनहाडाच्या मांड्या घ्या. एका मोठ्या माणसाला सगळं मिळून पाव किलो कच्चं मांस पुरतं, कारण बरोबर कणसं, पाव, कोशिंबीर असते. दही, आलं-लसूण, मीठ आणि मसाल्यात रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा. साखर किंवा मध आधी घालू नका, तो करपतो, शेवटच्या दोन मिनिटांत वरून लावा. भाजायला ठेवताना जादा मसाला निपटून घ्या. मोकळ्या बाजूला झाकण लावून दहा-बारा मिनिटं आणि मग ढिगावर रंगापुरतं, असा क्रम ठेवा. हाडाच्या तंगड्याच करायच्या असतील आणि हात बसलेला नसेल, तर ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून घ्या आणि लगेच जाळीवर नेऊन निखाऱ्यांवर वास आणि रंग द्या. यात कमीपणा काही नाही, वीस माणसांच्या पार्टीत मी अजूनही तसंच करते.

मासे खाणारे असतील तर बांगडा चुकवू नका. इथला मॅकरल हा आपल्या बांगड्याचा थंड समुद्रातला नातेवाईक. तो आकाराने मोठा आणि जास्त तेलकट असतो, म्हणून निखाऱ्यावर कोरडा पडत नाही. पोट साफ करून दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या आणि गोव्याचा रेशाद मसाला भरा. लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, चिंच, सगळं व्हिनेगरमध्ये वाटलेलं. इथलं माल्ट व्हिनेगर त्याला चालतं. अर्धा तास मुरणं पुरे, आंबटात जास्त ठेवला तर मासा भुसभुशीत होतो. जाळी कडक तापू द्या, तेल माशाला लावा, आणि एकदा ठेवला की चार मिनिटं हात लावू नका. कातडी खरपूस झाली की मासा आपण होऊन सुटतो. ओढून काढावा लागतोय याचा अर्थ अजून उलटायची वेळ झालेली नाही.

पावासाठी वणवण नको. इथले मऊ पांढरे रोल मधोमध कापून, लोणी लावून मोकळ्या बाजूला मिनिटभर उपडे ठेवा. हिरवी चटणी, एक गोड सॉस, काकडीची कोशिंबीर, आणि प्यायला कोकम सरबत किंवा पन्हं. मे-जूनमध्ये भारतीय दुकानांत हापूस येतो, तेव्हा गोडाचा प्रश्नच नसतो. नंतर केंटच्या स्ट्रॉबेऱ्या श्रीखंडात घाला.

कोशिंबिरीविषयी एक गंभीर सूचना. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे अनेक मुलांना असते आणि ती जिवावर बेतू शकते. आपण दाण्याचं कूट कोशिंबिरीत, चटणीत, भरतात सहज घालतो, ते डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्याला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. त्यात शेंगदाणे, तीळ आणि मोहरीही आहे, म्हणजे आपली फोडणीसुद्धा. बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घरच्या जेवणाला तो कायदा लागू होत नाही, पण पाहुण्यांना आधी विचारा, त्या दिवशी कूट पूर्ण वर्ज्य करा आणि प्रत्येक वाडग्याजवळ चिठ्ठी लावा.

पोट बिघडू नये म्हणून

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. आपल्याकडे ती सवय हाडीमासी भिनलेली आहे, पण धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात. ते मरतात फक्त उष्णतेने. रंगावर भरवसा ठेवू नका, टोचायचा थर्मामीटर आणा, तो फार महाग नसतो. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता टोचा. इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा नियम असा की आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसला दोन मिनिटं किंवा ७५ अंशांना ३० सेकंद राहिलं पाहिजे. खिम्याचे कबाब आणि बर्गर यांच्या बाबतीत तर तडजोड नाहीच. मटणाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात.

कच्चं ज्या ताटातून बाहेर नेलं ते ताट लगेच आत पाठवा. भाजलेलं स्वच्छ ताटातच काढा. मुरवणाचा उरलेला मसाला चटणी म्हणून वाढू नका. कच्चं मांस जाळीवर जाईपर्यंत फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत राहू द्या, उन्हातल्या टेबलावर नको. भात केला असेल तर तो उरल्यावर तासाभरात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. भाताचे जंतू पुन्हा गरम करून मरत नाहीत, त्यांचं विष तसंच राहतं. आणि ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या येतात. सरबताच्या ग्लासवर झाकण हवं, मुलांना डब्यातून थेट प्यायला देऊ नका, माशी आत गेलेली दिसत नाही.

शेजारी

बार्बेक्यूसाठी इथे परवाना लागत नाही. मात्र धूर आणि आवाजाचा वारंवार त्रास झाला तर १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कौन्सिल दखल घेऊ शकतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर भाडेकराराची अट आधी वाचा, बाल्कनीत शेगडी बहुतेक ठिकाणी मना असते. पण कायद्यापर्यंत गोष्ट जाऊच नये. दोन दिवस आधी दोन्ही बाजूंच्या दारांवर जाऊन सांगा: रविवारी आमच्याकडे माणसं येणार आहेत, चारला शेगडी पेटेल, तुम्हीही या. इथे उन्हाळ्यात कपडे बाहेर दोरीवर वाळत असतात, वेळ कळली की शेजारी ते आधी काढून घेतात. वारा कोणीकडे वाहतोय ते बघून शेगडीची जागा बदला. गाणी लावली तर कुंपणापलीकडे शब्द ऐकू जाणार नाहीत एवढ्याच आवाजात.

पाहुणे विचारतात, "काय आणू?" आपण सवयीने म्हणतो, "काही नको, फक्त या." इथे तसं म्हणू नका. पाहुण्याला रिकाम्या हाताने येणं जड जातं. एकाला बर्फ सांगा, दुसऱ्याला कलिंगड, तिसऱ्याला खुर्च्या. पेयं बहुतेक जण स्वतःची आणतात. यजमानाच्या डोक्यावरचा भार खरोखरच हलका होतो आणि माणसं पार्टीला आपलं मानतात. कांदा चिरणं, चटणी, श्रीखंड, काड्यांवर तुकडे ओवणं हे सगळं आदल्या रात्री उरकून टाका. रविवारी तुमच्याकडे फक्त विस्तव हे एकच काम उरलं पाहिजे. आणि घरातल्या बाईने आत स्वयंपाकघरात आणि पुरुषाने बाहेर शेगडीपाशी, अशी विभागणी होऊ देऊ नका. नाहीतर चार ताटं वाढून होईपर्यंत तिला बागेतलं ऊन दिसतच नाही.

सगळे गेले की शेगडीचं झाकण लावा, खालची-वरची भोकं बंद करा, हवा तुटली की निखारे आपोआप विझतात. उरलेला अर्धा कोळसा पुढच्या वेळी चालतो. जाळी कोमट असतानाच तारेच्या ब्रशने घासा आणि ब्रशची तुटलेली तार अडकली नाही ना, ते ओल्या फडक्याने पुसून बघा. राखेला मात्र दोन दिवस हात लावू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो आणि ती प्लास्टिकच्या कचरापेटीत ओतल्याने इथे आगी लागल्या आहेत. बुधवारी सकाळी पत्र्याच्या बादलीत काढा, वर पाणी शिंपडा, चिमट्याने ढवळून बघा, आणि मगच पेटीत टाका.